आवृत्त्यांची एकसूत्रता

एकाच दुकानांत घेण्याचें वजन एक व देण्याचें वजन दुसरें असूं नये, हा नियम फार जुना आहे. जुन्या करारांतील नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायांतहि भिन्न वजनें बाळगण्याचा निषेध केलेला आढळतो. तेथें दोष दुकानदाराच्या मनांत असतो. परंतु मनांत कपट नसतांना, केवळ व्यवस्थेच्या अभावीं, एका घरांत दोन मापें कशीं शिरतात व तीं कशीं आवरावीं, हें संगणकाच्या कामांत फार स्पष्ट दिसतें. आमच्या शाळेंतील कित्येक विद्यार्थी पुढें या कामाकडे वळतील. म्हणून जावास्क्रिप्ट भाषेंतील एका नित्याच्या अडचणीचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जावास्क्रिप्टमध्यें सगळा प्रोग्रॅम सहसा कोणी स्वतः लिहीत नाहीं. तारखा मांडणें, रकमा पूर्ण रुपयांत आणणें, पडद्यावर बटणें दाखविणें, अशा कामांचे तयार संच मिळतात. त्यांस पॅकेज म्हणतात. इ. स. २०१० पासून एन्. पी. एम्. नांवाच्या सार्वजनिक भांडारांतून तीं उतरवून घेतां येतात. आपलें पॅकेज ज्या दुसऱ्या पॅकेजांवर अवलंबून असतें, त्या त्याच्या डिपेंडन्सी होत. त्यांची यादी 'पॅकेज डॉट जेसन' या फायलींत लिहावी लागते व प्रत्येकीपुढें आवृत्तीचा आंकडा द्यावा लागतो. हा आंकडा तीन भागांचा असतो, उदाहरणार्थ, १.४.२. केवळ दुरुस्ती झाली तर शेवटचा अंक वाढतो. जुन्यास धक्का न लावतां नवी सोय केली तर मधला. आणि जुनें वर्तनच बदललें तर पहिला. आंकड्याआधीं कॅरट नांवाचें चिन्ह घातलें, म्हणजे सामान्यतः 'पहिला अंक तोच असेल तर पुढील आवृत्ति चालेल,' असा अर्थ होतो.

आतां अशी कल्पना करूं कीं, डहाणू-घोलवडकडील चिकू बागायतदारांच्या एखाद्या संघासाठीं तीन पॅकेजें लिहून एकाच भांडारांत ठेविलीं आहेत. पहिलें तोलाईच्या जागीं पावती छापतें, दुसरें शेतकऱ्यास मोबाइलवर हिशेब दाखवितें, आणि तिसरें दोघांस लागणारीं सामाईक कामें करतें. अशा एकत्र भांडारास मोनोरेपो म्हणतात. रक्कम पूर्ण रुपयांत आणण्यासाठीं पावतीच्या पॅकेजानें एका तयार पॅकेजाची आवृत्ति १ मागितली. मोबाइलचें काम सहा महिन्यांनीं दुसऱ्या गृहस्थानें केलें. त्यानें आवृत्ति २ मागितली. पहिली आवृत्ति वरचे पैसे सोडून देते, दुसरी जवळच्या रुपयापर्यंत नेते. हिशेब ७४२ रुपये ७५ पैसे झाला, तर पावतीवर ७४२ येतात व मोबाइलवर ७४३. एन्. पी. एम्. याला कांहींच हरकत घेत नाहीं. दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या कप्प्यांत निमूटपणें बसवून देतें. तलासरीच्या एखाद्या पाड्यावरून टोपल्या घेऊन आलेल्या बाईस मात्र एक रुपया कोठें गेला तें कळत नाहीं, आणि तिचा संशय तोलणाऱ्या निरपराध माणसावर जातो.

दुसरा अपाय असा कीं, चूक एका ठिकाणीं असते व तक्रार दुसऱ्याच ठिकाणीं उमटते. पडदे रचणारें रिॲक्ट हें पॅकेज एका पानावर दोनदां शिरलें, तर 'हुक' चुकीच्या रीतीनें वापरला, अशी सूचना येते. नवशिक्या आपलाच प्रोग्रॅम तपाशीत बसतो, आणि खरें कारण यादींत असतें.

तिसरा अपाय सर्वांत गंभीर. ८ सप्टेंबर २०२५ रोजीं चॉक, डिबग इत्यादि निदान अठरा प्रसिद्ध पॅकेजांच्या विषारी आवृत्त्या एन्. पी. एम्.वर चढविण्यांत आल्या. त्यांच्या सांभाळकर्त्यास खोट्या ई-मेलनें फसवून त्याचें खातें हस्तगत केलेलें होतें. अशा दिवशीं 'ती आवृत्ति आपल्या घरांत आहे काय?' या प्रश्नाचें उत्तर लागलीच देतां आलें पाहिजे. दहा पॅकेजांत दहा आंकडे असतील, तर उत्तर व दुरुस्ती दोन्ही लांबतात.

पुष्कळांस वाटतें कीं, लॉक फाइल असली म्हणजे काम झालें. २०१६ सालीं यार्ननें व २०१७ सालीं एन्. पी. एम्.नें ही फाइल सर्रास प्रचारांत आणिली. प्रत्यक्ष कोणती आवृत्ति बसविली याची ती तंतोतंत नोंद ठेविते; त्यामुळें आज व उद्यां, तुमच्या व आमच्या यंत्रावर एकच संच बसतो. तिचा हा उपयोग मोठा आहे. परंतु याद्यांतच दोन न जुळणारे आंकडे असतील, तर ती दोन्ही नोंदवून ठेविते. वादाची नोंद झाली, म्हणून वाद मिटला असें होत नाहीं.

खरा उपाय असा कीं, आंकडा एकाच ठिकाणीं लिहावा व इतरांनीं त्याकडे बोट दाखवावें. पी. एन्. पी. एम्. या साधनानें २०२४ सालीं 'कॅटलॉग' या नांवानें ही सोय केली. भांडाराच्या मुळाशीं असलेल्या एका फायलींत आवृत्ति लिहावयाची, आणि प्रत्येक पॅकेजाच्या यादींत आंकड्याऐवजीं 'कॅटलॉग' हा शब्द घालावयाचा. मग आवृत्ति वाढवितांना एकच ओळ बदलावी लागते. त्यासरशीं सर्व पॅकेजांच्या चाचण्या चालवाव्या, म्हणजे कोठें काय मोडलें तें त्याच दिवशीं कळतें. जेथें ही सोय नाहीं तेथें सिंकपॅकसारखें साधन सर्व याद्या ताडून पाहतें. विसंगति आढळल्यास नवा बदल भांडारांत घ्यावयाचा नाहीं, असा नियम त्याच्या आधारें करतां येतो. शिवाय सामाईक पॅकेजानें रिॲक्टसारखी वस्तु स्वतःबरोबर आणूं नये. ती यजमानाकडे असावी, एवढीच अट 'पीअर डिपेंडन्सी' म्हणून घालावी. पाहुणा फार तर आपला तांब्या आणतो, चूल आणीत नाहीं.

तथापि एकसूत्रता म्हणजे हट्ट नव्हे. आपल्या पश्चिम रेल्वेचेंच उदाहरण घ्या. विरारच्या दक्षिणेस १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह आणि उत्तरेस, डहाणूकडे, २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, अशी दुहेरी व्यवस्था कित्येक वर्षें होती. गाड्या बंद ठेवून एका रात्रींत ती मोडणें शक्य नव्हतें. म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणारीं इंजिनें वापरून, टप्प्याटप्प्यानें काम करीत, फेब्रुवारी २०१२ मध्यें चर्चगेटपर्यंत एकच प्रवाह झाला. आणि १६ एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येऊं लागली. भांडारांतहि एखादें जुनें पॅकेज नवी आवृत्ति लागलीच पेलूं शकत नाहीं. त्यास अपवाद म्हणून ठेवावें. परंतु त्या अपवादापुढें त्याचें कारण, जबाबदार माणसाचें नांव व तो संपविण्याची तारीख हीं लिहावीं. ज्या अपवादास तारीख नाहीं, तो हळूहळू नियम होऊन बसतो.

आपल्या शाळेंतील मुलें-मुली उद्यां बोईसर, वापी, मुंबई येथें जाऊन असें काम करूं लागतील, तेव्हां त्यांच्या प्रोग्रॅमांवर ज्यांचे हिशेब चालतील, त्यांत आपल्या पाड्यांवरील माणसेंहि असतील. त्यांस आवृत्तीचे आंकडे ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पावतीवर व मोबाइलवर एकच रक्कम दिसावी, हा मात्र त्यांचा हक्क आहे. सबब कोणतेंहि नवें भांडार हातीं आलें असतां, पहिली ओळ लिहिण्यापूर्वीं सर्व याद्या समोर ठेवून त्या एकमेकींशीं ताडून पाहाव्या, ही संवय आमच्या तरुण वाचकांनीं आजपासूनच लावून घ्यावी.