हलणारी दाढ

मंडळी, भारतवारीत आपण काय काय उरकतो! लग्ने, बँकेची कामे, ब्लाउज शिवणे आणि दात. इथले डेंटिस्टचे बिल पाहिल्यावर दुसरे काय करणार? मीही मागच्या वारीत, निघायच्या आदल्या दिवशी, खालच्या दाढेवर कॅप बसवून घेतली. "जरा उंच वाटतेय," म्हटले, तर "होईल सवय" असे उत्तर मिळाले.

इथे परतल्यावर महिन्याभरात पोळी चावतानाही दाढ ठणकू लागली. जिभेने ढकलली तर चक्क हलत होती! पायोरिया झाला, दाढ गेली, या विचाराने झोप उडाली. इथल्या डेंटिस्टबाईंनी रंगीत कागद चावायला दिला. हिरड्या निरोगी होत्या. कॅपच किंचित उंच होती. त्यांनी ती घासून दिली. दोनेक महिन्यांत दाढ पुन्हा घट्ट झाली.

असे का व्हावे? दात काही हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा थर असतो आणि दात त्याच्या आधाराने टांगलेला असतो. रोजचा घास हा थर सहज झेलतो. पण एकाच दातावर सतत जादा भार आला, तर थरातल्या रक्तवाहिन्या दबतात, लगतचे हाड झिजते, थर रुंदावतो आणि दात हलू लागतो. हिरड्या निरोगी असतील, तर भार काढल्यावर हे नुकसान बरेचसे भरून येते.

जादा भारानेच पायोरिया होतो, अशी शंका व्हिएन्नाच्या कारोयी यांनी १९०१ सालीच मांडली होती. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये कुत्र्यांवर आणि अमेरिकेत माकडांवर प्रयोग झाले. निरोगी हिरड्या नुसत्या भाराने दातापासून सुटत नाहीत, असे त्यांत दिसले. २०१७ साली शिकागोला जमलेल्या तज्ज्ञांनीही भाराने माणसांत पायोरिया सुरू होतो याला पुरावा नाही, असाच निष्कर्ष काढला. पायोरिया होतो तो दातांवरच्या जंतूंच्या थरामुळे. मात्र त्याने हाड आधीच खाल्ले असेल, तर उरलेल्या आधाराला साधा घासही जड होतो. म्हणून आधी हिरड्यांचा उपचार, मग चावा नीट करणे.

तेव्हा मंडळी, दातांचे काम परतीच्या आदल्या दिवसावर ठेवू नका. नवी कॅप उंच लागली तर संकोच न करता तिथेच सांगा. झोपेत दात खाणारे घरात असतील, तर "जंत झालेत" म्हणून सोडून देऊ नका, डेंटिस्टला दाखवा. रात्री घालायच्या गार्डने सवय जाईलच असे नाही, पण दातांची झीज वाचते. आणि दिवसा कामाच्या ताणात दातावर दात दाबून बसलो नाही ना, हे मधूनमधून पाहा. ओठ मिटलेले, दात सुटे, हीच जबड्याची विश्रांती.

संक्रांतीला तिळाची वडी खुशाल खा. सुपारी मात्र अडकित्त्यानेच फोडा!