भिंत बंद होण्याआधी

कसारा मार्गावरच्या उंबरमाळीला घर बांधताय? मग प्लास्टरआधी वायरमनला सांगा, प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल आण. नुसत्या दिव्यांच्या बोर्डात बरेचदा फेजच नेतात. साध्या बटणाला ती पुरते. बहुतेक स्मार्ट स्विच मात्र न्यूट्रलशिवाय चालत नाहीत. पुढे भिंत फोडण्यापेक्षा आज चार मीटर वायर स्वस्त.

कॅमेरा, वायफायसाठी शुद्ध तांब्याची कॅट-6 केबल वेगळ्या पाइपातून न्या. तिची 100 मीटरची मर्यादा घराला पुरून उरते. जास्तीचे रिकामे पाइप टाका, आत ओढतार सोडा.

नेट बंद असले तरी फजरला उठणाऱ्या दादींना दिवा लागलाच पाहिजे. भिंतीवरची बटणे राहू द्या. पावसाळ्यात विजा कडाडतात, अर्थिंगवर काटकसर नकोच. आणि प्रत्येक भिंतीचा, मापाची टेप धरून, फोटो काढून ठेवा.