बापाच्या हाती बाळ द्या

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांतला बाप पहाटेची लोकल किंवा एमआयडीसीची पाळी गाठतो. परततो तेव्हा लेकरू झोपलेले असते. माया असते, पण ती हातांनी केल्यानेच वाढते, असे आम्हाला वाटते.

फिलिपाइन्समधल्या २०११ च्या एका अभ्यासात, रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलांना सांभाळणाऱ्या बापांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक इतर बापांपेक्षा कमी आढळले. ही कमजोरी नव्हे. लेकराच्या संगतीने बापाचे शरीरही बदलते.

सुभेदार रामजींना आठवा. परळच्या चाळीतल्या एका खोलीत ते भीमरावांना पहाटे दोनला अभ्यासाला उठवत. पुस्तकांसाठी लेकीचा दागिना गहाण ठेवत.

तीन तास प्रत्येकाला जमणार नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच काम बापाचे ठरवा: रात्रीचे दुपटे बदलणे, सुट्टीच्या दिवशीची आंघोळ, किंवा दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसींना नेणे. तो चुकला तर आई-आजींनी बाळ हातातून ओढून घेऊ नये. लेकरू त्याला ओळखून हसू लागले, की सांगावे लागणार नाही; तो आपणहून हात पुढे करील.