मेरीलँडमधली इंग्रजी भाऊबंदकी

मेरीलँड ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीक उपसागराच्या काठी इंग्रजांनी वसवलेली सुरुवातीच्या काळातली एक वसाहत. राजा पहिला चार्ल्स याने २० जून १६३२ रोजी तिची सनद सेसिल कॅल्व्हर्ट, म्हणजे दुसरा लॉर्ड बाल्टिमोर, याला दिली. नाव राणी हेन्रिएटा मारियाचे. कॅल्व्हर्ट घराणे कॅथलिक होते आणि इंग्लंडात कॅथलिकांना उघड उपासनेची मुभा नव्हती. समुद्रापार आपल्या पंथाच्या लोकांना निर्धास्त राहता यावे आणि जमिनीच्या साऱ्यातून चार पैसेही मिळावेत, असा दुहेरी हिशेब होता. पण सनदेवर विरोधकांचा डोळा असल्याने सेसिलला लंडनमध्येच ठाण मांडून बसावे लागले. स्वतःची जहागीर त्याने कधीच पाहिली नाही.

मार्च १६३४ मध्ये 'आर्क' आणि 'डव्ह' या जहाजांतून सुमारे १४० माणसे तिथे उतरली. सेसिलचा धाकटा भाऊ लिओनार्ड त्यांचा गव्हर्नर होता. याओकोमिको लोकांना कुऱ्हाडी, कुदळी आणि कापड देऊन त्यांनी वस्तीची जागा मिळवली आणि तिथे सेंट मेरीज हे राजधानीचे गाव वसवले. जागा इतक्या सहज मिळण्यामागेही एक भांडणच होते. उत्तरेकडच्या सस्क्वेहॅनॉक टोळीच्या हल्ल्यांना कंटाळून याओकोमिको आधीच निघायच्या तयारीत होते. शेजारच्या व्हर्जिनियाला मात्र ही नवी वसाहत सलत होती. तिथल्या विल्यम क्लेबोर्नने १६३१ मध्येच केंट बेटावर सस्क्वेहॅनॉकांशी केसाळ कातड्यांचा व्यापार सुरू केला होता. सनदेमुळे ते बेट मेरीलँडच्या हद्दीत गेले. १६३५ मध्ये दोन्हीकडच्या होड्यांत चकमक होऊन माणसे मेली, १६३८ मध्ये लिओनार्डने बेट घेतले आणि क्लेबोर्नने डूख धरला.

१६४२ मध्ये इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. कॅल्व्हर्टांची सनद राजाची, त्यामुळे पार्लमेंटवाल्यांच्या लेखी मेरीलँड हा शत्रूचाच मुलूख ठरला. रिचर्ड इंगल हा तंबाखूचा व्यापार करणारा जहाजाचा कप्तान. राजाविरुद्ध बोलल्याच्या आरोपावरून १६४४ च्या सुरुवातीला त्याला सेंट मेरीजमध्ये पकडण्यात आले, पण टॉमस कॉर्नवॉलिस या बड्या जमीनदाराच्या मदतीने तो सुटला. पुढच्याच वर्षी पार्लमेंटचा परवाना घेऊन तो 'रिफॉर्मेशन' नावाच्या जहाजातून परतला. त्याने नदीत उभे असलेले एक डच व्यापारी जहाज पकडले, कॅथलिकांची घरे लुटली आणि ज्याने सोडवले त्या कॉर्नवॉलिसचे घरही सोडले नाही. अँड्र्यू व्हाइट आणि टॉमस कॉपली या जेझुइट पाद्र्यांना त्याने बेड्या घालून लंडनला नेले. कॅथलिक पाद्री होऊन इंग्लंडात पाऊल ठेवणे हा तिथे गुन्हा होता. आपण आलो नाही, आपल्याला आणले गेले, हा व्हाइटचा बचाव मान्य होऊन तो सुटला. धर्मद्वेष आणि लूट यांतले इंगलचे खरे कारण कोणते, हे ठरवणे अवघड आहे. बहुधा एकाला दुसऱ्याची सोय झाली. पुढे या दिवसांना 'लुटालुटीचा काळ' असेच नाव पडले. वस्ती काही शेकड्यांवरून शंभराच्या आसपास उतरल्याचा अंदाज आहे.

व्हर्जिनियात पळालेला लिओनार्ड १६४६ च्या अखेरीस भाडोत्री शिपाई घेऊन परतला, पण जून १६४७ मध्ये वारला. मरताना त्याने मार्गारेट ब्रेंट या अविवाहित, जमीनजुमला असलेल्या स्त्रीला मालमत्तेची व्यवस्था सोपवली: सगळे घे आणि सगळ्यांचे देणे फेड. शिपायांचा पगार थकला होता, मक्याची टंचाई होती, बंड कधीही झाले असते. लिओनार्डची मालमत्ता पुरेना, तेव्हा मार्गारेटने लिओनार्डच्या जागी सेसिलची मुखत्यार या नात्याने लंडनच्या लॉर्डसाहेबांची गुरे विकून पगार भागवला. जानेवारी १६४८ मध्ये तिने वसाहतीच्या सभेत दोन मते मागितली, एक स्वतःचे आणि एक मुखत्याराचे. नव्या गव्हर्नरने ती नाकारली. गुरे विकल्याबद्दल सेसिल संतापला, तेव्हा मात्र याच सभेने, तिच्यामुळेच वसाहत वाचली, असे त्याला कळवले.

सेसिलने आता धोरण बदलले. विल्यम स्टोन या प्रोटेस्टंटाला गव्हर्नर नेमले आणि व्हर्जिनियात छळ होणाऱ्या प्युरिटनांना, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांना, मेरीलँडमध्ये जमिनी देऊ केल्या. राजाचा शिरच्छेद होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २१ एप्रिल १६४९ रोजी सभेने धर्मसहिष्णुतेचा कायदा केला. तो उदारमतापेक्षा निकडीतून जन्मला आणि फक्त ख्रिस्त्यांपुरता होता. येशूचे देवत्व नाकारणाऱ्याला त्यात देहदंड होता. कुणाला हिणवण्यासाठी 'प्युरिटन', 'जेझुइट' किंवा 'राउंडहेड' (पार्लमेंटवाला) म्हटले तर १० शिलिंग दंड आणि तो भरता आला नाही तर फटके. शिव्यांची यादीच कायद्यात घालावी लागली, यावरून गावातले वातावरण कळते.

तरीही १६५२ मध्ये पार्लमेंटचे आयुक्त म्हणून आले ते क्लेबोर्न आणि रिचर्ड बेनेट. त्याच वर्षी सस्क्वेहॅनॉकांनी मेरीलँडशी तह करून बरीच जमीन सोडली, कारण इरोक्वा टोळ्यांशी लढताना त्यांना दुसरी आघाडी परवडणारी नव्हती. सीमा शांत झाली, घरातली भांडणे वाढली. आसरा मिळालेल्या प्युरिटनांच्या सभेने १६५४ मध्ये कॅथलिकांचे संरक्षण काढून घेतले. २५ मार्च १६५५ रोजी सेव्हर्न नदीकाठी स्टोन आणि प्युरिटन यांच्यात झालेल्या लढाईत 'गोल्डन लायन' या व्यापारी जहाजाच्या तोफाही स्टोनविरुद्ध धडाडल्या. तो हरला, जखमी झाला आणि त्याच्या चार माणसांना शरणागतीनंतर ठार करण्यात आले. १६५७ मध्ये लंडनमध्ये समझोता होऊन जहागीर बाल्टिमोरकडे परतली आणि सहिष्णुतेचा कायदाही पुन्हा लागू झाला.

१६८८ मध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स पदच्युत झाला, त्याच्या जागी प्रोटेस्टंट राजाराणी आली आणि लवकरच फ्रान्सशी युद्ध जुंपले. कॅथलिक लोक इंडियन टोळ्यांना हाताशी धरून प्रोटेस्टंटांची कत्तल करणार, अशी आवई मेरीलँडभर उठली. तिला आधार नव्हता. पण नव्या राजाराणीच्या नावाची द्वाही फिरवण्याचा हुकूम नेणारा जासूद इंग्लंडातच वारला होता, त्यामुळे जहागीरदाराच्या निष्ठेविषयी संशय बळावला. १६८९ मध्ये प्रोटेस्टंट बंडखोरांचा म्होरक्या जॉन कूड याने सेंट मेरीज ताब्यात घेतले, १६९२ पासून राजाचा गव्हर्नर कारभार पाहू लागला आणि १६९५ मध्ये राजधानी प्युरिटनांच्या जुन्या वस्तीजवळ, अ‍ॅनापोलिसला गेली. कॅल्व्हर्टांना जहागीर १७१५ मध्ये परत मिळाली, तीही घराण्याने अँग्लिकन पंथ स्वीकारल्यानंतर. १७१८ मध्ये कॅथलिकांचा मताधिकारही गेला.