इबान
इबान : बोर्निओ बेटावरील एक प्रमुख आदिवासी जमात. मुख्य वस्ती मलेशियाच्या सारावाक राज्यात असून तेथील हा सर्वांत मोठा जनसमूह आहे. काही लोक इंडोनेशियाच्या पश्चिम कालीमांतान प्रांतात व ब्रूनाईत आढळतात. ब्रिटिशांनी त्यांना ‘सागरी डायाक’ म्हटले. वस्तुतः परंपरेने हे लोक नदीकाठी राहणारे व डोंगरउतारावर फिरती भातशेती करणारे. त्यांची भाषा ऑस्ट्रोनेशियन कुलातील असून मलाय भाषेला जवळची आहे.

इबान नातेसंज्ञांत पितृपक्ष व मातृपक्ष असा भेद नाही. काका व मामा दोघेही ‘आया’, आत्या व मावशी दोघीही ‘इबू’. थोरल्या भावंडाला ‘आका’, धाकट्याला ‘आदी’ म्हणतात. ते भाऊ की बहीण, हे शब्दावरून कळत नाही. व्याही-विहिणींसाठी मात्र ‘इसान’ ही स्वतंत्र संज्ञा आहे. सासूसासऱ्यांचे नाव उच्चारणे निषिद्ध मानतात. अपत्याच्या नावावरून आईबापांना ओळखण्याची प्रथाही आढळते. लोककथांतील वेडगळ नायक आपाय सालोई म्हणजे ‘सालोईचा बाप’.

ही समपक्षता समाजरचनेतही दिसते. इबान लोक लांबघरात राहतात. त्यात ओळीने खोल्या व त्यांपुढे सर्वांची सामाईक पडवी (रुआय) असते. खोलीला व तीत राहणाऱ्या कुटुंबाला ‘बिलेक’ हेच नाव आहे. प्रत्येक पिढीतील निदान एक अपत्य, मग तो मुलगा असो वा मुलगी, विवाहानंतर घरीच राहते व बिलेक अखंड चालू ठेवते. जोडपे कोणाच्या घरी राहणार, त्यावर मुलांचे सदस्यत्व ठरते. ते दोहोंपैकी एकाच बिलेकचे असते. डेरेक फ्रीमन (१९१६–२००१) या मानवशास्त्रज्ञाने १९४९–५१ मध्ये बालेह नदीच्या परिसरात पाहणी केली, तेव्हा दोन्ही पर्यायांचे प्रमाण जवळजवळ सारखे आढळले. एकपक्षीय कुळांवाचून सुसंघटित समाज उभा राहू शकतो, हे त्याच्या विवेचनाने ठामपणे दाखविले. त्या काळी ते नवीन होते. लांबघराचा प्रमुख (तुआय रुमा) आज्ञा करीत नाही, तर रूढ नियमांनुसार (आदात) तंटे मिटवितो.

प्रथम जंगल तोडून शेत करणाऱ्या बिलेककडे त्या जमिनीचा हक्क राहतो. शेतांपलीकडचे राखीव रान, नद्या व शिकारीची जागा मात्र साऱ्या लांबघराची. मलेशियाच्या संघीय न्यायालयाने २०१६ मध्ये या सामूहिक क्षेत्राच्या रूढीला कायद्याचे बळ नाही, असा निर्णय दिला. त्यावर २०१८ मध्ये सारावाकच्या जमीन संहितेत दुरुस्ती होऊन अशा क्षेत्राला मान्यता मिळाली. पण त्याच्या क्षेत्रफळावर कमाल मर्यादा घालण्यात आली.