धातुसाधिते : इंग्रजी व मराठी

धातूला प्रत्यय लागून झालेली, परंतु स्वतः वाक्य पूर्ण न करणारी रूपे. संस्कृत परंपरेत यांस कृदंते म्हणतात. इंग्रजीत नामाचे कार्य करणाऱ्या रूपास ‘जेरंड’ व विशेषणाचे कार्य करणाऱ्या रूपास ‘पार्टिसिपल’ अशी संज्ञा आहे. वर्तमानकालवाचक पार्टिसिपल व जेरंड या दोहोंचा प्रत्यय ‘-इंग’ हा एकच असल्याने मराठी भाषकाचा गोंधळ होतो.

हे साम्य मूळचे नाही. प्राचीन इंग्रजीत विशेषणरूप ‘-एंडे’ने व नामरूप ‘-उंग’ वा ‘-इंग’ने होत असे, मध्ययुगात ती दोन्ही ‘-इंग’मध्ये मिळून गेली. जर्मन भाषेत हा भेद अद्याप टिकून आहे.

मराठीत प्रत्ययच कार्य सांगतो. वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यातील तोरण्याचे उदाहरण घेतल्यास ‘गड चढणे’ हे नाम, ‘गड चढणारा’ व ‘गड चढलेला’ ही विशेषणे, तर ‘चढताना’, ‘चढून’ ही क्रियाविशेषणे होत. या गडाच्या वाटेवर ‘मूव्हिंग स्टोन्स कॅन बी डेंजरस’ अशी पाटी लावली, तर दगड हलवणे धोक्याचे की हलणारे दगड धोक्याचे, हे वाक्यावरून ठरत नाही. ‘कॅन बी’ऐवजी ‘इज’ असते तर पहिला व ‘आर’ असते तर दुसरा अर्थ निश्चित झाला असता. मराठीत भाषांतर करणाऱ्यास मात्र निवड करावीच लागते, आणि चुकीची निवड येथे केवळ व्याकरणदोष राहत नाही.

जेरंड नाम असले तरी त्याचे क्रियापण सुटत नाही. ते कर्म घेते व क्रियाविशेषणही स्वीकारते. मराठी ‘-णे’ची स्थिती हीच आहे : ‘भात वेळेवर लावणे’. ‘चढण्यास’, ‘चढण्याचा’ अशी विभक्तिरूपे मात्र मराठीचे वैशिष्ट्य.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण (१८३६) इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून रचले गेले. मोरो केशव दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरणात (१९११) धातुसाधितांचा विचार अधिक सूक्ष्म आहे. उलट, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या बृहद् इंग्रजी व्याकरणाने जेरंड व वर्तमान पार्टिसिपल यांना एकच रूप मानले. शालेय अध्यापनात जुना भेद उपयुक्त ठरतो, असे म्हणावयास हरकत नाही.

कर्त्याच्या बाबतीतील चूक अधिक खोल आहे. ‘आम्ही नीरा ओलांडताना पाऊस आला’ या वाक्यात ओलांडणारे व येणारा भिन्न असूनही मराठी शुद्ध राहते. ‘-ताना’ला स्वतंत्र कर्ता चालतो. इंग्रजी पार्टिसिपलचा अनुक्त कर्ता सामान्यतः मुख्य वाक्याचाच समजला जातो. त्यामुळे ‘क्रॉसिंग द नीरा, भोर केम इन साइट’ असे लिहिल्यास नदी ओलांडणारा प्रवासी नसून भोर शहरच ठरते. ‘-ऊन’चे बंधन बरेचसे इंग्रजीसारखे आहे : ‘नीरा ओलांडून भोर दिसू लागले’ हे मराठी कानालाही खटकते.