भंगारातले बापू, मातीतली झाडं

सेवाग्राम विकास आराखड्यात उभी राहिलेली गांधीजींची ३१ फुटी आणि विनोबांची १९ फुटी शिल्पं गाड्यांच्या भंगारातून घडली आहेत. घडवणारे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे कलावंत. टाकाऊ लोखंडाचा असा उपयोग नामीच! पण २०२०च्या सुमारास वर्धा–सेवाग्राम रस्ता रुंद करायला जुनी झाडं पाडली गेली. गांधीकाळातली म्हणून ती राखावीत, यासाठी वर्धेकरांनी आंदोलन केलं. मला तरी भंगारशिल्पांहून सेवाग्राम आश्रमातल्या बापू कुटीची भिंत अधिक बोलकी वाटते. आसपासच्या माती-बांबूची ही कुटी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची. भिंतीवर ताडाची झाडं आणि चरखा त्यांनीच मातीच्या उठावात कोरला.